काचेचे रबर, मोटारगाडीचे

मोटारगाडीची काच आणि ती जीत बसविलेली असते ती धातूची चौकट यांमधील फट बंद करणारी व काचेला लवचिक आधार देणारी रबराची पट्टी. दुरुस्तीच्या व्यवसायात हिला ‘काचेचे रबर’ किंवा ‘बीडिंग’ म्हणतात. पाणी, धूळ व वारा यांना आत येऊ न देणे, काच व धातू यांचा प्रत्यक्ष स्पर्श टाळणे आणि गाडीच्या कायेला बसणारे हिसके काचेपर्यंत पोहोचू न देणे ही या पट्टीची तीन प्रमुख कार्ये होत. खडतर भूप्रदेशावर चालविण्यासाठी बनविलेल्या जुन्या गाड्यांत, उदा., लँड रोव्हर व जीप यांत, तिसऱ्या कार्यास विशेष महत्त्व आहे. अशी गाडी खाचखळग्यांवरून जाताना तिचा सांगाडा पिळला जातो व त्याबरोबर काचेच्या चौकटीचा आकारही किंचित बदलतो. काच वाकत नाही. हा फरक रबराला सोसावा लागतो. म्हणून या गाड्यांत काच चौकटीला जखडलेली नसून रबरात जणू तरंगत असते. अलीकडच्या बहुतेक मोटारगाड्यांत समोरची काच पॉलियुरेथेनयुक्त चिकटद्रव्याने कायेला चिकटवितात व तीमुळे कायेच्या ताठरपणात भर पडते. या दोन पद्धती तत्त्वतः भिन्न आहेत व एकीची दुरुस्ती दुसरीच्या रीतीने करणे अयोग्य ठरते.

रचना व प्रकार : स्थिर काचेच्या रबराचा आडवा छेद इंग्रजी एच या अक्षरासारखा असतो. त्याच्या एका बाजूच्या खाचेत काचेची कड व विरुद्ध बाजूच्या खाचेत चौकटीची कड बसते. खाचांच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पाळ्या काच व धातू यांवर दाबून बसतात आणि या दाबामुळेच पाणी अडते. म्हणजे पाणी अडविण्याचे काम रबराच्या अस्तित्वाने होत नसून त्याच्या लवचिकपणामुळे टिकून राहणाऱ्या दाबाने होते. रबर जागेवर दिसत असले, तरी त्याचा लवचिकपणा गेला की, ते निरुपयोगी होते.

या रबराचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात एच-छेदाखेरीज एका पृष्ठावर तिसरी, अरुंद खाच असते. काच व धातू आपापल्या खाचांत बसविल्यानंतर या तिसऱ्या खाचेत थोड्या अधिक रुंदीची दुसरी पट्टी (भरणपट्टी) ओढून बसवितात. ती पाचरीप्रमाणे कार्य करते व पाळ्या काचेवर आणि धातूवर घट्ट दाबल्या जातात. दुसऱ्या प्रकारात भरणपट्टी नसते. रबराचा मूळचा आकार व ताठरपणा यांवरच दाब अवलंबून असतो आणि काच बसविण्यासाठी दोरीचा उपयोग करावा लागतो. सरकत्या काचांसाठी यांपेक्षा निराळी योजना असते. धातूच्या पन्हळीला आतून लवदार अस्तर लावलेले असते व काच त्यात सरकते.

लँड रोव्हर गाडीतील योजना : ब्रिटनमधील रोव्हर कंपनीने ही गाडी ३० एप्रिल १९४८ रोजी ॲम्स्टरडॅम येथील मोटार प्रदर्शनात प्रथम सादर केली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून कायेचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे करण्यात आले. सांगाडा, चालकाच्या पुढील आडवी भिंत व समोरच्या काचेची चौकट मात्र पोलादी राहिली. दुसरी मालिका १९५८ मध्ये व तिसरी १९७१ मध्ये निघाली. १९८३ साली ‘वन टेन’ व १९८४ साली ‘नाइंटी’ ही प्रतिमाने आली व १९९० पासून त्यांना ‘डिफेंडर’ हे नाव मिळाले. या जुन्या घडणीची शेवटची गाडी सॉलिहल येथील कारखान्यातून २९ जानेवारी २०१६ रोजी बाहेर पडली. एवढ्या दीर्घ काळात मूळ रचनेत फार थोडे बदल झाले, त्यामुळे पुढे वर्णिलेल्या अडचणी बहुतेक सर्व मालिकांत आढळतात.

आरंभीच्या मालिकांत समोरची काच दोन सपाट तुकड्यांची असे. १९८३ नंतरच्या प्रतिमानांत ती एकसंध झाली. दारांच्या वरच्या भागातील काचा प्रथम सरकत्या होत्या. प्रवासी वाहतुकीच्या प्रतिमानांत छपराच्या दोन्ही कडांना लांबट, अरुंद काचा बसवीत. त्यांना ‘अल्पाइन’ खिडक्या म्हणतात. या खिडक्या उंच जागी असून त्यांवरून छपराचे पाणी वाहते, म्हणून त्यांचे रबर निकामी झाल्यास पाणी थेट मागील आसनांवर टपकते. सरकत्या काचांच्या पन्हळीत धूळ व पाणी साचून शेवाळ उगवते. अस्तर ओले राहिल्याने दाराची पोलादी चौकट आतून गंजते.

ऱ्हासाची कारणे : नैसर्गिक रबराच्या दीर्घ रेणुशृंखलेत ठराविक अंतराने दुहेरी बंध असतात. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणाच्या क्रियेत यांपैकी थोडे बंध गंधकाच्या साहाय्याने जोडले जातात व रबर टिकाऊ आणि लवचिक बनते. तथापि पुष्कळसे दुहेरी बंध तसेच शिल्लक राहतात. हवेतील ओझोन त्यांवर विक्रिया करून शृंखला तोडतो. यासाठी ओझोनाचे प्रमाण हवेच्या दहा कोटी भागांत काही भाग इतके अल्प असले, तरी पुरते. ओझोनामुळे पडणाऱ्या भेगा रबर ताणलेले असेल तेथेच पडतात व त्या ताणाच्या दिशेशी काटकोनात असतात. खिडकीच्या कोपऱ्यांत रबराची बाहेरची बाजू सर्वांत अधिक ताणलेली असल्याने पहिली भेग बहुधा कोपऱ्यात दिसते. स्टायरीन-ब्युटाडाइन या संश्लेषित (कृत्रिम रीतीने बनविलेल्या) रबरातही हाच दोष असतो.

याखेरीज सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य) किरण, उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे पृष्ठभाग कठीण होतो. रबर मऊ राहावे म्हणून मिसळलेली द्रव्ये हळूहळू निघून जातात व पट्टी आखडते. आखडलेल्या पट्टीचे सांधे उघडतात. बराच काळ दाबाखाली राहिलेल्या रबरात कायमचा चपटेपणा येतो, दाब काढल्यावरही ते मूळ आकार घेत नाही. खनिज तेल, ग्रीज व पेट्रोल यांच्या संपर्काने अनेक प्रकारची रबरे फुगतात व मऊ पडतात.

ड्यू पाँट कंपनीत १९३० साली शोधले गेलेले निओप्रीन हे ओझोनास बऱ्याच अंशी दाद देत नाही. १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या एथिलीन-प्रॉपिलीन-डाइन रबराची मुख्य शृंखला संपृक्त असते, तिच्यात दुहेरी बंध नसतात. व्हल्कनीकरणास लागणारे बंध बाजूच्या फांद्यांवर असतात. त्यामुळे ओझोनाच्या हल्ल्याने मुख्य शृंखला तुटत नाही. यात मिसळलेली काजळी जंबुपार किरण शोषून घेते. ऊन व पाऊस यांच्या माऱ्यात राहणाऱ्या काचेच्या रबरासाठी हे रबर सर्वांत योग्य समजले जाते. मात्र खनिज तेले त्याला मानवत नाहीत. नव्या पट्टीवरून ती कोणत्या रबराची आहे हे सहज ओळखता येत नाही, म्हणून खरेदी करताना रबराचा प्रकार विचारून घेणे इष्ट असते.

गळतीचा शोध : पायाशी पाणी साचले म्हणजे काचेचेच रबर निकामी झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. लँड रोव्हर गाडीत समोरच्या काचेची चौकट स्वतंत्र असून ती पुढील बाजूस आडवी पाडता येते. ही चौकट व तिच्या खालील भिंत यांमध्ये एक आणि चौकट व छप्पर यांमध्ये दुसरी अशा निराळ्या रबरी पट्ट्या असतात. चौकटीखालील दोन वायुवीजन झडपांनाही रबर असते. या चारांपैकी कोठूनही शिरलेले पाणी भिंतीच्या आतल्या बाजूने ओघळून एकाच जागी जमते.

म्हणून गळतीची परीक्षा पद्धतशीर करावी लागते. आतील अस्तर काढून भाग कोरडा करतात. एक व्यक्ती आत दिवा घेऊन बसते व दुसरी बाहेरून नळीने मंद धारेने पाणी सोडते. धार नेहमी खालून वर नेतात. प्रथम झडपा, नंतर चौकटीखालची पट्टी, मग काचेची खालची कड, बाजू, वरची कड व शेवटी छपराचा सांधा असा क्रम ठेवतात. वरून सुरुवात केल्यास पाणी सर्व सांध्यांवरून ओघळते व दोष कोणत्या सांध्यात आहे हे कळत नाही. प्रत्येक जागी काही मिनिटे थांबणे आवश्यक असते, कारण पाणी पोकळीतून वाहत येण्यास वेळ लागतो. जोरदार झोताने परीक्षा करू नये. असा झोत चांगल्या रबराच्या पाळीखालीही शिरतो.

जुने रबर काढणे : भरणपट्टी असल्यास तिचा सांधा शोधून एक टोक लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बोथट पातीने उचलतात व पट्टी हळूहळू ओढून काढतात. त्यामुळे पाळ्या सैल होतात. रबर मऊ असल्यास आतील पाळी चौकटीवरून सोडवीत काच बाहेर ढकलता येते. रबर कठीण झाले असल्यास ते वाचविण्याचा प्रयत्न करू नये. धारदार पात्याने बाहेरची पाळी काचेलगत सर्व बाजूंनी कापून टाकतात. त्यानंतर एकाने आतून तळहातांनी सारखा दाब द्यावा व दुसऱ्याने बाहेरून काच झेलावी. या कामी हातमोजे व डोळ्यांना संरक्षक चष्मा आवश्यक असतो.

काचेचा प्रकार येथे लक्षात घ्यावा लागतो. बाजूच्या काचा सामान्यतः दृढीकृत, म्हणजे तापवून एकदम थंड केलेल्या असतात. त्यांचा पृष्ठभाग दाबाखाली व गाभा ताणाखाली असतो. मध्यभागी त्या बराच मार सोसतात, परंतु कडेला पोलादी हत्याराचा लहानसा टोला बसला, तरी संपूर्ण काचेचे क्षणात बारीक तुकडे होतात. समोरची काच पुष्कळदा स्तरित असते. दोन काचांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असल्याने ती फुटली तरी तुकडे विखुरत नाहीत, पण एका कोपऱ्यावर दाब पडल्यास तिला कडेपासून तडा जातो. यामुळे स्क्रू पिळण्याचा पेचकस हे सर्वांत सहज हाती येणारे हत्यार या कामात सर्वांत घातक ठरते.

चौकटीची दुरुस्ती : काच काढल्यावर जे दिसते त्यावर पुढील कामाचे यश अवलंबून असते. पोलादी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत गंज बहुधा आतून लागलेला असतो. तो खरवडून वर रंग देणे पुरेसे नसते. पत्रा पातळ झाला असल्यास तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडकाम करून बसवितात व त्यावर जस्तयुक्त अस्तररंग देतात. ॲल्युमिनियमाचा पत्रा तांबूस गंज धरत नाही, परंतु जेथे पोलादी स्क्रू किंवा पट्टी त्याला टेकते तेथे ओलाव्याच्या सान्निध्यात विद्युत् घट तयार होतो व ॲल्युमिनियमाचे संक्षारण (रासायनिक झीज) होते. तेथे पांढरी भुकटी जमून रंग फुगतो. ती पूर्णपणे काढून ॲल्युमिनियमासाठी असलेला विशिष्ट अस्तररंग वापरावा लागतो. रंगाचे थर पातळ असावेत. कडेची जाडी वाढल्यास ती रबराच्या खाचेत नीट बसत नाही. रंग पूर्ण वाळण्यापूर्वी काच बसवू नये.

निवड व मापे : नवी पट्टी निवडताना काचेची जाडी व चौकटीच्या पत्र्याची जाडी ही दोन्ही मापे घेतात, कारण दोन खाचांची रुंदी त्यांवर ठरते. जुन्या रबराच्या लांबीवरून नवी लांबी ठरवू नये, कारण जुने रबर आखडलेले असते. लांबी चौकटीवरच मोजतात व पट्टी किंचित जास्त, सु. एक टक्का लांब, कापतात. पट्टी ताणून बसविल्यास ती कालांतराने मागे हटते व सांध्यात फट पडते. शिवाय ताणलेल्या रबरावर ओझोनाचा परिणाम लवकर होतो. लांब ठेवलेली पट्टी दाबून बसविली की, तिची टोके एकमेकांवर रेटली जातात व सांधा बंद राहतो. सांधा कोपऱ्यात न ठेवता सरळ बाजूच्या मध्यावर ठेवतात आणि भरणपट्टीचा सांधा त्यापासून दूर घेतात.

बसविण्याची रीत : भरणपट्टीच्या प्रकारात प्रथम रबर चौकटीवर चढवितात. पाळ्यांना सौम्य साबणाचे पाणी लावतात. तेल किंवा ग्रीज कटाक्षाने टाळतात. काचेची खालची कड खालच्या खाचेत ठेवून, बोथट लाकडी पातीने पाळी काचेवर घेत दोन्ही बाजूंनी वर सरकतात. शेवटी वरचे कोपरे बसतात. काच चारही बाजूंना सारखी खोल गेली आहे ना हे पाहून मगच भरणपट्टी बसवितात. त्यासाठी मुठीला जोडलेली तारेची अंडाकृती कडी असलेले साधे हत्यार वापरतात. पट्टी कडीतून ओवून कडी खाचेत घातली व हत्यार पुढे ओढले की, कडी खाचेच्या कडा फाकविते आणि तिच्या मागोमाग पट्टी खाचेत बसते. हत्यार ओढताना पट्टी ताणली जाऊ नये म्हणून ती दुसऱ्या हाताने पुढे सारीत राहतात.

दोरीच्या प्रकारात क्रम उलटा असतो. रबर प्रथम काचेभोवती बसवितात. बाहेरच्या, म्हणजे चौकटीच्या कडेसाठी असलेल्या खाचेत गुळगुळीत मजबूत दोरी फिरवून तिची दोन्ही टोके खालच्या बाजूस मध्यावर एकमेकांवरून थोडी नेऊन आत सोडतात. काच बाहेरून चौकटीत धरतात. आतील व्यक्ती दोरीचे टोक चौकटीच्या मध्याकडे ओढते, त्याबरोबर रबराची आतील पाळी उलटून धातूच्या कडेवर चढते. बाहेरील व्यक्तीने दोरी जेथे निघत असेल तेथेच तळहाताने दाब द्यावा. थंड हवेत रबर ताठर असल्याने ते कोमट पाण्यात किंवा उन्हात ठेवून मऊ करून घेतात. सरकत्या काचांच्या बाबतीत अस्तराची पन्हळ पूर्ण बदलतात व तिच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवतात. ती बुजली तर नवी पन्हळही जुनीसारखीच निकामी होते.

काम संपल्यावर साबणाचे पाणी वाळू देतात व पहिल्याच क्रमाने गळतीची परीक्षा पुन्हा घेतात. एखादी सूक्ष्म गळती राहिल्यास पाळीखाली न वाळणारे, नेहमी मऊ राहणारे लुकण भरतात. कठीण होणारे लुकण किंवा चिकटद्रव्य वापरल्यास काच चौकटीला जखडली जाते आणि खडबडीत रस्त्यावर सांगाडा पिळला जाताच तिला तडा जाण्याचा संभव असतो. व्हिनेगारसारखा वास येणारी सिलिकोन लुकणे वाळताना ॲसिटिक अम्ल सोडतात व उघड्या धातूचे संक्षारण करतात.

महत्त्व : जुने रबर तसेच ठेवून बाहेरून लुकणाचा लेप देणे ही सर्वत्र आढळणारी तात्पुरती दुरुस्ती होय. तीमुळे टपकणे थांबते, पण पूर्वी आत शिरून बाहेर पडणारे पाणी आता रबर व चौकट यांमध्ये अडकून पडते. गाडी कोरडी दिसत असता चौकट आतून कुजत राहते. समोरच्या चौकटीतून ओघळणारे पाणी चालकापुढील पोलादी भिंतीत जाते. या भिंतीवर दारांच्या बिजागऱ्या व सुकाणूचा आधार असतो, त्यामुळे ती गंजल्यास गाडी चालविण्यास असुरक्षित होते. भिंत बदलण्यासाठी गाडीचा पुढचा बहुतेक भाग सुटा करावा लागतो. थोड्या मोलाची पट्टी वेळेवर न बदलल्याने चांगल्या इंजिनाची गाडी मोडीत निघते, ती याच कारणाने.

भारतात १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप गाड्यांची जुळणी सुरू केली. जीपचीही समोरची चौकट पुढे पाडता येते व तिच्या तळाशी रबरी पट्टी असते, म्हणून गळतीची परीक्षा व दुरुस्तीची तत्त्वे तिलाही लागू पडतात. जीपची काया पोलादी असल्याने तेथे गंजाचा धोका अधिक असतो. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या व खाऱ्या हवेच्या प्रदेशात ही दुरुस्ती उन्हाळ्यात, चौकटी पूर्ण सुकलेल्या असताना, मृगाच्या पावसापूर्वी उरकणे श्रेयस्कर असते. ओल्या चौकटीवर बसविलेले नवे रबर आतील ओलावा कोंडून ठेवते. एरवी वर्षातून एकदोनदा रबर साध्या पाण्याने धुणे, त्यावरील तेलाचे डाग पुसणे, पन्हळीतील माती काढणे व कोपऱ्यांतील भेगा पाहणे एवढी निगा पुरेशी होते. रबरावर दिसणारा फिकट मेणचट थर घासून काढू नये. रबरात मिसळलेले मेण पृष्ठभागावर येऊन तो बनतो व ओझोनापासून संरक्षण करतो.